घाणवलीकरांचा नकाशा

रविवार, २८ जानेवारी १९९६. मुहर्रक, बहारीन.

काल शब्बाथ, म्हणून वही उघडली नाही. इथं शनिवारी शाळा चालू, ऑफिस चालू. सुट्टी शुक्रवारी. माझ्या लेकाला, मोझेसला, बरंच झालं, शनिवार पाळायचा प्रश्नच उरला नाही.

सकाळी फोन. “मोहन है?” मी म्हटलं, राँग नंबर. वर्ष होत आलं मला इथं येऊन, अजून मोहन म्हटलं की दुसऱ्याचा पोरगा वाटतो. मोझेस भडकला. “आई, मुद्दाम करतेस तू.” करते. मुंबईहून निघताना गॅझेटात नाव बदलून आला, मला विचारलं होतं का? मीही इथं रिबका नाही, रेखाताई. दिना आणि रीना तेवढ्या वाचल्या. सुनेचं नि नातीचं नाव दोन्हीकडे चालतं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, हे इथं तोंडातून काढायचं नाही. व्हिसाच्या कागदावर मो.नं हिंदू लिहिलंय. मार्चात त्याचं कॉन्ट्रॅक्ट नवं व्हायचंय. तोवर तर श्वासही हळू घ्यायचा. तोंडाला बंदी आहे म्हणून ही वही. चौथीपर्यंतच्या शाळेचा एवढा तरी उपयोग.

रीनाला शाळेतून काम दिलंय. आपलं आडनाव कुठून आलं, त्या आडनावाची माणसं जगात कुठं कुठं गेली. नकाशावर टाचण्या टोचायच्या. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, असं मॅडमनी सांगितलंय. मो. म्हणाला, “घाणवली, कोकणातलं गाव. तिथले म्हणून घाणवलीकर. खलास. आजीला त्रास देऊ नकोस.”

मला कसला त्रास.

मंगळवार, ३० जाने.

पोरगी दुपारी आली माझ्याकडे. रमझानमुळे शाळा लवकर सुटते. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. तिचं निम्मं मला समजत नाही, माझं निम्मं तिला पटत नाही. जमतं.

सांगितलं तिला. घाणवली खाडीच्या काठी. आपल्या लोकांचे तेलाचे घाणे तिथं. शनिवारी बैल सोडायचे, घाणा बंद, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. कुणाला चोरून नाही, सगळ्या गावाला ठाऊक. लग्नाला बोलवायचे, जेवायला वेगळं बसवायचे, पण माहीत होतं कोण ते. आता तिथं आपलं कुणी नाही, काही ठाण्याला गेले, काही पुण्याला. कबरी आहेत. घाण्याचा दगड एकाच्या दारात पायरी म्हणून टाकलाय, चपला काढतात त्याच्यावर.

मग दाऊदचं सांगितलं. आमच्या ह्यांचा धाकटा भाऊ. इस्राएलला गेला. तिथल्या साहेबाला घाणवलीकर म्हणता येईना, तेव्हा यानं स्वतःच जुन्या पुस्तकातला तेलाचा शब्द काढला आणि आडनाव करून टाकलं. इझहारी. घाणा गेला, तेल राहिलं, असं म्हणाला होता. आपल्या लोकांत हे आडनाव दुसऱ्या घरात नाही. तिकडे येमेनची म्हणून कुणी थोडी आहेत म्हणे त्या नावाची, पण ती आपली नव्हेत. दाऊदचा एक मुलगा डिमोनात, एक अश्दोदला बंदरावर. मुलगी कॅनडात, तिचं लग्नानंतर बदललं.

“So we are Izhari also?”

म्हटलं, नाही. तुझ्या आजोबांनी भावाला कळवलं होतं, बापाचं नाव टाकलंस, आता माझ्या दारात येऊ नकोस. आला नाही. हे गेले तेव्हाही आला नाही. बापाचं नाव म्हणे. आणि बापाचं नाव ठेवून ह्यांच्या मुलानं काय केलं ते बघायला हे नाहीत. बरंय.

गुरुवार, १ फेब्रुवारी.

मनामाला गेलो पोहे, खोबरं आणायला. रविवारी संध्याकाळी मलिदा करायचा आहे, एलियाहू हनाबीचा, आपल्या प्रेषिताचा, दिवस. वर्षात एक हे मी सोडलेलं नाही आणि सोडणार नाही, हे मो.ला आल्या दिवशीच सांगितलंय.

बाजारात एक कापडाचं दुकान आहे. दिना हळूच म्हणाली, “आई, हे आपल्यातले. बगदादकडून आलेले, कितीतरी पिढ्या इथंच.” म्हातारा गल्ल्यावर बसलेला, गळ्यात टेप. इथला अरब गिऱ्हाईक त्याला नावानं हाक मारत होता, घरच्यांची चौकशी चालली होती. सगळ्या बाजाराला माहीत तो कोण. मला दोन शब्द बोलावंसं वाटलं. मागं वळून बघते तर मो. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर. घड्याळाच्या दुकानात बघत उभा. हातातलं घड्याळ नवं आहे त्याच्या.

इथले आपल्या नावानं दुकान चालवतात. भिऊन कोण आहे, तर आमचा.

परत येताना रीनासाठी अ‍ॅटलास घेतला. घरी उघडला तर इस्राएल, डिमोना, अश्दोद सगळं जिथं असायला हवं तिथं काळ्या शाईचा पट्टा. मार्करनं फासलेला. पान उन्हात धरून बघितलं पोरीनं.

“आजी, where do I put the pin?”

मो. म्हणाला, “बघितलंस? पिनच लावायची नाही.” खुश झाला. प्रश्न परस्पर सुटला त्याचा.

सोमवार, ५ फेब्रु.

कालचा तमाशा.

पोहे भिजवले, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. सब्ज्याची पानं मिळाली नाहीत. सगळं मांडते तोवर मो.च्या लक्षात आलं की खालच्या निर्मलाला वेलचीचा वास गेलाय नि ती विचारून गेलीय, आजी काय आहे आज. तर ह्या शहाण्यानं तिला काय सांगावं? “सत्यनारायण आहे, प्रसादाला या.” एकटीला कसं सांगायचं म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या केतकर पतिपत्नींनाही सांगितलं. केतकर पुण्याचे, बँकेत. त्यांच्या ओळखीनं मो.ला कामं मिळतात.

मलिद्याला सत्यनारायण केलं. मी शिऱ्याची कढई चढवते की काय असं बघत होता माझ्याकडे. चढवली नाही.

लोक यायच्या आधी दार लावून मो.नं प्रार्थना म्हटली. निम्मी विसरला. दिना सांगत होती मागून. तेवढी म्हटली हेच.

केतकरबाई आल्या. बसायच्या आधीच, “पूजा कुठं मांडली होती?” मो.: “उठवली. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं.” “कोण गुरुजी? त्या सनद गावात असतात ते?” “नाही, नवीन आहेत.” “अय्या, नवीन गुरुजी आले आणि आम्हाला पत्ता नाही!” मग ताटात बघून, “प्रसादाला पोहे?” मो.: “आमच्याकडे कोकणात असंच.” “आम्हीही रत्नागिरीचेच हो मूळचे.” मग मला, “रेखाताई, गोत्र कुठलं तुमचं?” मी तोंड उघडायच्या आत मो. “काश्यप.” म्हटलं असेल बाबा. वरून बाई म्हणते, “आणि कोलंबी खात नाही म्हणे तुम्ही. कोकणातली माणसं आणि कोलंबी नाही!” मी म्हटलं, मला खवल्याशिवायचं पचत नाही. खोटं नाही बोलले मी. एकही.

निर्मला कोपऱ्यात बसून भिंती बघत होती. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, दुसरं काही नाही. द्रोण दोन्ही हातांनी घेतला तिनं.

मंगळवार, ६ फेब्रु.

निर्मला वर आली. नागपूरकडची. नवरा विमानतळावर टेक्निशियन. बौद्ध आहेत, दारात शिरताच समोर बुद्ध. कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकते, त्यामुळे तिच्याकडे केतकरबाई पाणीसुद्धा प्यायला गेलेली नाही.

दार लोटलं, माझा हात धरला. म्हणाली, “आजी, परवा कळलं मला. घरात एक देव नाही. गुरुजी आलाच नव्हता, मी दिवसभर जिन्याशी होते. गावावरून आडनाव. माझ्या दिरानंही असंच केलं पुण्यात, गावाचं नाव लावलं, आता कुणी विचारत नाही. मी नाही बोलणार कुणाला. पण माझ्यापाशी नका लपवू.” आणि अगदी हळू, “जय भीम.”

तिचे डोळे भरलेले. इतक्या वर्षांत ह्या इमारतीत कुणी आपलं निघालं म्हणून. एप्रिलात जयंती असते, सनदला एका घरी जमतात, या म्हणाली. बरोबर आणलेली भाकरी ठेवून गेली.

मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. ती गेल्यावर भाकरी खाल्ली. चांगली होती.

बुधवार, ७ फेब्रु.

मो.ला सांगितलं. वाटलं हसेल. लाल झाला.

“आपण तसे वाटतो तिला?”

म्हटलं, तसे म्हणजे कसे?

“आई, तू समजत नाहीस. केतकरांच्या कानावर गेलं तर?”

म्हटलं, काय गेलं तर? तू जे आहेस ते, की तू जे नाहीस ते? तुला यहुदी म्हणून ओळखलं असतं तर भ्याला असतास. बौद्ध म्हणून ओळखलं तर राग आला. भीती समजते मला. राग कुठून आला ते सांग.

दिना भांडी घासत होती. नळ बंद केला तिनं ऐकायला.

मो. म्हणे, “मी तिला सांगतो, आम्ही मराठे आहोत.” म्हटलं, सांग. काल काश्यप गोत्राचा होतास, आज मराठा हो, उद्या आणखी काही सापडेल. एवढी मोठी रांग पडलीय नावांची, नागडा राहणार नाहीस.

जेवला नाही. मी जेवले.

दाऊदवर हे आयुष्यभर थुंकले. पण त्यानं नाव बदललं ते उघड्यावर, नवं नाव दारावर लावलं. मो.नं आडनाव तेच ठेवलं आणि त्याच्या आत जाऊन लपला. ह्यांना विचारायला हवं होतं, नाव कुणी टाकलं म्हणून.

शुक्रवार, ९ फेब्रु. दिवे लागायच्या आत.

दुपारी निर्मलाला घेऊन अरादला गेले, किल्ल्याच्या बाजूला समुद्र आहे तिथं. तिचा नवरा सोडून गेला गाडीनं. वर आमच्या घरात सांगता येत नाही, भिंतीला मो. आहे.

सांगितलं. मी तुझ्यातली नाही. आम्ही यहुदी. माझं नाव रिबका.

तिनं हात काढून घेतला. रागानं नव्हे. तसं काढून घेतात, चुकून दुसऱ्याची पिशवी उचलली की.

म्हणाली, “मग त्याच दिवशी का नाही सांगितलं? मी रडले तुमच्यापुढं.”

म्हटलं, तोंडाला बंदी आहे.

“कुणाची?”

लेकाची, म्हणायला जीभ वळेना. एवढी लांब जीभ माझी.

मग म्हणाली, “आमचं आडनाव सांगितलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत, आजी. त्यांना लागतो तेवढा कळतो माणूस. तुमचं सांगितलं की विचारत बसतात, गोत्र काय, गुरुजी कोण. तुम्हाला निदान विचारतात.” आणि उठली. परतताना गाडीत नवऱ्याशी बोलली, माझ्याशी नाही. कुणाला सांगेल का, ते मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे तिला केतकरीण समजणं. पण मार्च जवळ आलाय. मो.ला मी हे सांगितलेलं नाही.

घरी रीनाचा नकाशा तयार. मोठा पुठ्ठा, त्यावर अ‍ॅटलासची पानं चिकटवलेली. टाचण्या: घाणवली, ठाणे, पुणे, कॅनडा, बहारीन. खाली इंग्रजीत मजकूर, मो.नं वाचून पास केला. काळा पट्टा तसाच काळा. “Very good,” म्हणाला तिला. पोरगी माझ्याकडे बघेना.

बारा वर्षांची पोर, बापाचं ऐकणारच. आता दिवा लावते.

रविवार, ११ फेब्रु.

काल सकाळी पुठ्ठा गेला शाळेत. कागदात गुंडाळून, रबरबँड लावून. शब्बाथ, मी खिडकीशी बसलेली. बस वळेपर्यंत दिसला.

जिन्यात निर्मला भेटली. मान हलवली, बोलली नाही. तिची पोरगीही रीनाच्याच शाळेत.

आज सकाळी दिनाच्या ब्लाउजला हुक लावायला शिवणाचा डबा काढला. लाल दोऱ्याचं रीळ नाही. शुक्रवारी दुपारी होतं, मी स्वतः ठेवलेलं. काल शिवण नाही, डबा उघडलाच नव्हता. टाचण्यांच्या पुडीतूनही गेल्यात.

रीनाला विचारलं, दोरा तू घेतलास? “I needed it.” कशाला? “To join.” काय जोडलंस? कुठून कुठं?

पोरगी बूट काढत राहिली. मग म्हणाली, मराठीत म्हणाली, “आजी, तूच सांगितलंस ना कोण कुठं गेलं ते.”

आणि त्या पट्ट्यावर?

“टाचणी काळ्यातूनपण जाते.”

नकाशा शाळेत भिंतीवर लावलाय म्हणे, दारासमोरच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. वर नाव काय घातलंस, विचारलं. दोन्ही, म्हणाली. घाणवलीकर आणि त्याच्याशेजारी ते दुसरं.

मो. आतून ओरडला, “काय चाललंय?” काही नाही, म्हटलं, दोरा सापडत नाहीये.

हे मात्र खोटं बोलले.

मंगळवार, १३ फेब्रु.

शाळेचा फोन नाही. कालही नाही. फोन वाजला की मो. आधी उठतो, तो कॉन्ट्रॅक्टसाठी. मी उठत नाही, ऐकते.

आत्ता वाजला. बाई बोलत होती, इंग्रजी. घरात मी एकटी. तिनं विचारलं, मिसेस इझहारी?

मी राँग नंबर म्हटलं नाही.