अभिनंदनची शिकवणी

तेजू,

आजपासून तू समानार्थी शब्द वरच्या मजल्यावरच्या अभिनंदनकडं शिकणार, हे आईकडनं कळलं. आनंद झाला. इतका, की जेवलोच न्हाय. त्यालाही तू दादाच म्हणतीस म्हणे.

तो म्हणे शब्द पाठ करून घेतो. मी कधी करून घेतले का? तुला ‘विनवणी’ कळावी म्हणून मी म्हशीपुढं हात जोडून उभा राहिलो. सगळी गल्ली बघत होती. तू लगेच ओरडलीस, “म्हणजे विनंतीच की, दादा!” म्हशीलासुद्धा पटलं.

तो आला की चहा दे, पण माझ्या कपात नको.

सातवीच्या उद्याच्या पेपरासाठी ‘ताटकळणे’ हा शब्द अजून राहिलाय. त्याला विचारू नको. गोठ्यात ये. मी तेच करत उभा आहे.

राजवीरदादा (सख्खा)