सात नंबरची जागा

प्रिय आत्या,

काल लिंडाचा फोन आला. तुझ्या शेजारच्या गाडीतली लिंडा. फोन ठेवल्यावर मी किती वेळ किचनमध्ये जमिनीवर बसून होतो, मला माहीत नाही. तुला शेजार होता? आत्या, तुला शेजार होता!

गेले सहा आठवडे मी कोणाशी धड बोललेलो नाही. ॲरिझोनाच्या पोलिसांनी बाबांना एवढंच कळवलं, की वाळवंटात, भाड्याच्या कॅम्परव्हॅनजवळ, हृदय बंद पडून तू गेलीस. बाबा रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच: सात नंबर. माझ्या यादीतली सात नंबरची जागा. जवळचा माणूस अकरा मैलांवर. मीच शोधली होती ना ती!

इतकी वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलीस. रिटायर झाल्यावर म्हणालीस, "इथे इंग्लंडात समुद्राकाठी गाडीत झोपावं म्हटलं तर कौन्सिलची मनाईची पाटी! सकाळी सहाला कोणीतरी उठवायला हजर. तिकडे अमेरिकेत म्हणे सरकारी वाळवंट आहे, चौदा दिवस खुशाल राहा. माझ्यासाठी जरा निवांत जागा बघ रे. गर्दी नको."

मी बघितली. इथे कॉव्हेंट्रीत वेअरहाऊसची शिफ्ट संपली की उपग्रहाचे फोटो उघडायचो. मोठ्या रस्त्यापासून किती आत? गाडी वळवता येईल? पावसात वाहणारा कोरडा ओढा तर नाही? जमिनीवर दगडांचं काळं वर्तुळ दिसलं की जागा बाद, कारण तिथे कोणीतरी शेकोटी केलेली, म्हणजे माणसं येतात. यादीवर मथळा लिहिला, 'निर्जन जागा'. रफार 'ज'वरच आहे ना, तीनदा पाहिलं. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, पण मराठी शुद्धलेखन तू शिकवलंस. तिथे मी चुकत नाही.

लंडनजवळ पिनरला, तुझ्या घरी यादी वाचून तू हसलीस. "पैकीच्या पैकी! पण मला सुट्टी हवीय रे, संन्यास नाही."

"तूच निवांत म्हणालीस."

"बरं बाबा, निवांत," म्हणून कागद पर्समध्ये टाकलास. तेव्हाच का नाही सांगितलंस, की निवांत आणि निर्जन हे दोन वेगळे शब्द आहेत? मला वाटायचं, जिथे माणसांचा अंत होतो ते निवांत!

"चल की माझ्याबरोबर," असंही म्हणालीस. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. खरं सांगू? विमानाची भीती नव्हती. अनोळखी माणसांशी काय बोलायचं, त्याची होती. मला हवी होती तशी जागा मी तुला दिली, आत्या.

काल लिंडाने सांगितलं, तू सात नंबरला एकच रात्र राहिलीस. दुसऱ्या दिवशी गाडी मागे वळवलीस आणि तिच्या व्हॅनपाशी येऊन तिला आणि तिच्या नवऱ्याला विचारलंस, "तुमच्या शेजारी थांबू का? माझ्या भाच्याने फार सुंदर जागा शोधलीय, पण तिथे चहा कोणाला देणार?"

नऊ दिवस तुम्ही शेजारी राहिलात. तू तिच्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर बघून त्याला दमही दिलास म्हणे! दहाव्या दिवशी सकाळी बोलता बोलता तू थांबलीस. मदत यायला वेळ लागला. पण तुझा हात लिंडाच्या हातात होता. ती सांगत होती आणि माझ्या तोंडातून फक्त, "व्हॉट? व्हॉट?" माझा नंबर तूच तिला दिला होतास. फोन करायचं धाडस तिला इतके दिवस झालं नाही.

मला अजून रडू येत नाही. इतके दिवस मी तुला त्या रिकाम्या वाळूत एकटी बघत होतो. तू तिथे नव्हतीसच!

लिंडा म्हणाली, "आम्ही दर हिवाळ्यात इथेच असतो. ये ना." मी हो म्हणालो. विचार न करता! म्हणून आता तुला शब्द देतो. येत्या हिवाळ्यात मी जाईन. आणि त्यांनी बोलवायची वाट बघत गाडीत बसून राहणार नाही. घाबरत का होईना, उतरून त्यांच्या दारावर टकटक करीन.

तुझा भाचा,
निखिल