शेवटची ओळ वाचणारे डोळे

प्रिय धाकट्या,

अक्षरं एवढी मोठी बघून हसू नकोस. जाड काळं पेन मुद्दाम आणलंय, एका पानावर सात-आठ ओळींच्या वर लिहीत नाहीये, म्हणून पाकीट एवढं फुगलंय. बायको वाचून दाखवत असेल तर तिला सांग, नणंद या खेपेला भांडायला आलेली नाही.

दुकान बरं चाललंय. बाबांचं काच घासायचं यंत्र मी अजून मोडीत काढलेलं नाही, आणि डोळे तपासायचा तो तक्ताही त्याच भिंतीवर आहे. तुला तो पाठ आहे असं बाबा म्हणायचे. पाठ कसला, तुला दिसायचा! शेवटची बारीक ओळ तू अशी घडाघडा वाचायचास की गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. आणि तोच तू दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचास, स्टुलाला अडखळायचास, अंधार पडला की बाहेर जायचं नाव काढायचा नाहीस. चष्मेवाल्याच्या घरात याचा एकच अर्थ निघाला, डोळे ठणठणीत, पोरगंच धांदरट. सगळे तुला धांदरट म्हणूनच हाक मारायला लागले. त्यात मी सगळ्यांच्या पुढे, कबूल.

आता आमच्या लंबूचं ऐक. तुझा भाचा सतरा वर्षांचा झालाय, माझ्याहून हातभर उंच. गेल्या वर्षापासून संध्याकाळी रस्त्याने जाताना हळूच माझा खांदा धरायला लागला. म्हटलं, उशिरा का होईना, पोराला आईची माया आली. कसली माया अन् कसलं काय! त्याला फुटपाथची कड दिसत नव्हती. मग मी काय केलं असेल? तक्त्यासमोर उभं केलं. पठ्ठ्याने शेवटची ओळ वाचून दाखवली आणि माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य बाहेर पडलं, मग बघून चालायला काय होतं रे तुला? तो भिंतीला हात लावत आत निघून गेला. तूही असाच जायचास.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. एका वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवलं. ठिपका चमकलेला दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला बसून बटणाचा आवाज ऐकत होते. बराच वेळ आवाजच येईना, मला वाटलं हा झोपला की काय. छापून आलेल्या कागदावर मधोमध शर्टाच्या बटणाएवढं पांढरं, तेवढंच त्याला दिसतं, आणि भोवती सगळं काळं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. मधल्या वाचतात, रंग ओळखतात. कडेच्या अंधार आणि आजूबाजूचं सांभाळतात, आणि या रोगात आधी त्याच मरतात, मधल्या पुढे कधीतरी. तक्ता फक्त मधल्यांची परीक्षा घेतो. जन्मभर आपण चष्मे विकले, आणि घरातलंच पोर ओळखता आलं नाही आपल्याला.

मग त्यांनी घराण्याचा नकाशा काढला, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. दोष एक्स गुणसूत्रावर असावा म्हणाल्या. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तर दुसरा बरंचसं निभावून नेतो. पुरुषाकडे एकच. म्हणजे आईकडून तो तुला आला तसा मलाही आला, पण मी मजेत फिरले आणि आपटलास तू. माझ्या माहेरी असं धडपडणारं कुणी पुरुषमाणूस आहे का, त्यांनी विचारलं. मी हसत हसत तुझ्या धांदरटपणाचे किस्से सांगायला लागले, आणि सांगता सांगता माझं मलाच हसू येईना. त्यांनी लंबूच्या चौकोनासारखाच तुझाही चौकोन पेन्सिलीने काळा केला. बाबा गेले तेव्हा तू आलास, पण बायकोचा हात क्षणभर सोडला नाहीस, आणि आम्ही मागे बसून तुझी टिंगल केली, ते आठवलं. मी तिथेच रडले रे.

लंबूच्या जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलंय. पण ते आजवर दुसऱ्या कुणात दिसलेलं नाही, म्हणून गुन्हेगार तेच की नुसतं जवळ उभं होतं, हे सांगता येत नाही. तेच तुझ्या रक्तात निघालं, तर पुष्कळसं पक्कं होईल, आणि पुढे एखादा उपचार आला तर लंबूचं नाव त्यात घालता येईल. तुझ्या लेकीलाही कळायला हवं, बापाचा एकुलता एक एक्स लेकीकडे जातोच. लंबू रोज विचारतो, मामाला विचारलंस का?

विचारायला तोंड नव्हतं, म्हणून हे पत्र. ज्या दिवशी तू भिंगांच्या पेटीवर अडखळून पडलास, सगळी भिंगं फुटली, बाबांनी तुला भरल्या दुकानात तक्ता वाचायला लावला आणि शेवटची ओळ वाचून झाल्यावर थोबाडीत मारली, त्या दिवशी ती पेटी वाटेत मी ठेवली होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काचा गोळा करत बसले. महिन्याभरात तू घर सोडलंस, त्याला बावीस वर्षं झाली. रक्त द्यायचं की नाही ते तू ठरव, नाही म्हणालास तरी माझी तक्रार नाही. पण आलास तर दिवसाउजेडी ये. पायरीच्या कडेला मी पिवळी पट्टी लावून घेतलीय, आणि दुकानाच्या वाटेत आता मी काहीच ठेवत नाही.

तुझीच,
ताई