बसलोय हे खुर्चीलाच कळलं

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्या,
साष्टांग नमस्कार.

सहा वर्षांत ज्या घरातून तुम्हाला एक ओळही आली नाही, त्या घरातून आज अचानक लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. बाबांना याची कल्पना नाही. तुमचा क्रमांक मला आईच्या फोनमधून मिळाला होता. तो तिथे ‘लाँड्री’ या नावाने ठेवलेला आहे, म्हणजे बाबांची नजर पडली तरी बिघडू नये. लहानपणी मी तुम्हाला बिनदिक्कत ‘तू’ म्हणत असे. तो हक्क उरला आहे की नाही हे ठाऊक नसल्याने ‘तुम्ही’ लिहिते आहे.

इकडे सर्व ठीक आहे. मी पदवीच्या परीक्षेत महाविद्यालयात पहिली आले. मावशीच्या शस्त्रक्रियेमुळे आई तिच्याकडे गेली आहे, बुधवारी परतेल. बाबांचे सलून बरे चालते. आरसे नवे बसवले, पण खुर्ची तीच आहे, तुम्ही पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. तिची गादी दोनदा बदलली, खुर्ची मात्र त्यांनी बदलू दिली नाही.

‘सर्व ठीक आहे’ हे वाक्य सवयीने लिहिले गेले. खरे ते आता लिहिते.

बाबांची कंबर दुखते आहे. जानेवारीत एका सकाळी जमिनीवर पडलेला कंगवा उचलायला ते वाकले आणि तसेच राहिले. “कंगवा सापडला, मी हरवलो,” असे त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितले म्हणे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नीट तपासले. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात, अंथरूण धरून बसू नये, शेक घ्यावा, झेपेल तेवढे चालत राहावे, असे त्यांनी सांगितले. मी ग्रंथालयातून दोन पुस्तके आणली, त्यांतही हेच होते. मणक्यांमधली चकती थोडी सरकली तरी घाबरण्याचे कारण नसते, शरीर ते बहुधा आपणच सावरून घेते. संध्याकाळी बाबा गुडघ्यांखाली उशी घेऊन पडत आणि मी वाचून दाखवत असे.

“मास्तरीणबाई,” ते म्हणत, “माझी कंबर तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. तिला काही ऐकू जात नाही.”

तरी त्यांना उतार पडत होता. चौकापर्यंत फिरून येऊ लागले होते. मग कळ डाव्या पायात उतरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काही वेगळे वाटले तर लगेच यायला बजावले. गेल्या आठवड्यात कळ दोन्ही पायांत आली. मी म्हटले, पुन्हा दाखवून येऊ. ते म्हणाले, “उद्या बघू.”

हे दोन शब्द तुम्हाला कुणी समजावून सांगायला नकोत. आजीच्या छातीत दुखत होते तेव्हा तुम्ही फोनवरून ‘आत्ताच्या आत्ता आण’ म्हणत होतात, आणि बाबा हेच म्हणाले होते. ती गेल्यानंतर तुम्ही आमच्या दारात उभ्या राहून त्यांना जे बोललात, ते मी जिन्यावरून ऐकले होते. मग तुम्ही आला नाहीत आणि त्यांनी बोलावले नाही. त्यांची बाजू मांडण्यासाठी मी लिहीत नाही. कुणाची बाजू मांडण्याइतके मला कळतही नाही.

शुक्रवारी मी डबा घेऊन सलूनमध्ये गेले. बाबा नुकतेच त्या खुर्चीत टेकले होते.

“गंमत सांगू का?” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “मी बसलोय हे खुर्चीलाच कळलं. मला पत्ताच नाही!”

बाकावरची माणसे हसली. “चला, नव्या गादीचा खर्च वाचला,” एक जण म्हणाला. मीही हसले. डबा ठेवला आणि घरी आले.

पुस्तकात कंबरदुखीच्या प्रकरणाच्या शेवटी एक छोटी चौकट आहे. बाकीचे सगळे प्रकरण धीर देते; ती चौकट मात्र थांबू नका असे सांगते. हे क्वचित घडते, पण घडले तर कण्याच्या तळाशी नसा दाबल्या जात असतात, आणि जेवढा वेळ जाईल तेवढे परत मिळणे अवघड होते. पायांतले बळ, आणि इतरही काही. तिच्यातली सगळी लक्षणे मी इथे उतरवू शकत नाही. शब्द कठीण नाहीत. ते माझ्या वडिलांच्या बाबतीत लिहायचे आहेत, एवढेच कठीण आहे.

आज रविवार, म्हणजे सर्वांत जास्त गिऱ्हाइकांचा दिवस. तरीही भर गर्दीत सलून बंद करून बाबा घरी आले. “दुखणं थांबलं!” दारातूनच म्हणाले. “तुझ्या पुस्तकांना बक्षीस द्यायला हवं.” त्यांच्या उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायात नव्हती.

“दुसरी कुठे आहे?” मी विचारले.

त्यांनी खाली पाहिले. “अरेच्चा,” म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे काही विनोद केला नाही.

चप्पल मला रस्त्यापलीकडे, औषधांच्या दुकानासमोर सापडली. तिथून घरापर्यंत ते एका अनवाणी पायाने चालत आले होते. वाटेत खडी पसरलेली आहे.

तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा न्हाणीघरात जात आहेत. आत गेले की नळ सोडतात. नळ बराच वेळ वाहतो. मग बंद होतो, ते बाहेर येतात, पाणी पितात, खिडकीपाशी उभे राहतात आणि परत आत जातात. आमचा नळ नवा आहे, त्याची धार मोठी आहे, त्यामुळे बाहेर दुसरे काही ऐकू येत नाही. आताही तो वाहतो आहे.

आत्या, मी नळाबद्दल इतके का लिहिते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. इतकी वर्षे परिचारिका म्हणून हाडांच्या वॉर्डात काढल्यावर, माणूस न्हाणीघरात नळ कशासाठी सोडून ठेवतो हे तुम्हाला ठाऊक असणारच. मलाही ठाऊक आहे. पण मुलीने वडिलांना ते कोणत्या तोंडाने विचारावे? ते तुमचेच ऐकतील. तुम्ही त्यांना एक फोन कराल का? माझे नाव न सांगता, सहज चौकशी केल्यासारखा? सवडीने केलात तरी

‘सवडीने’ लिहिले आणि बोट थांबले. बाबा जे दोन शब्दांत म्हणतात, तेच मी मघापासून पानभर म्हणते आहे.

मी दाराशी जाऊन येते.

विचारलं.

दारावर थाप मारून म्हटलं, “बाबा, लघवी होते आहे का?”

आतून म्हणाले, “मास्तरीणबाई, हे कितवीच्या पुस्तकात आहे?”

“बाबा.”

नळ बंद झाला.

“काल संध्याकाळपासून नाही,” ते म्हणाले. “लागल्याचं कळतच नाही गं. पोट नुसतं दगड झालंय. आणि खाली हात लावला तर कुणा दुसऱ्याचंच अंग वाटतं.” मग म्हणाले, “तुझ्या आत्याला कळवू नकोस. ती म्हणेल, ह्याचं अजून ‘उद्या बघू’च चाललंय.”

“तिलाच लिहिते आहे.”

मला वाटलं चिडतील. दार उघडून चौकटीला धरून उभे राहिले. पाय थरथरत होते. मला म्हणाले, “आज ड्युटीवर असेल का ती?”

तुला फोन केला. वाजून वाजून थांबला. मग तुझ्या रुग्णालयात लावला आणि वर लिहायला जमलं नव्हतं ते सगळं सांगितलं. फोन घेतलेल्या बाई म्हणाल्या, थेट तातडीच्या विभागात आणा, एक मिनिट घालवू नका. टॅक्सी खाली उभी आहे. शेजारचे दोघे बाबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवत आहेत. “खुर्चीला विचारा रे, मी नीट बसलोय ना,” असं ते त्यांना सांगत आहेत. ते दोघं हसत आहेत. मी नाही.

पत्र सुधारायला वेळ नाही, जसं आहे तसं पाठवते. टॅक्सीतूनही फोन करत राहीन. तू ड्युटीवर नसलीस तरी ये. तुझ्यासमोर असं जायचं नाही म्हणून त्यांनी दाढी करायला घेतली होती. मी वस्तरा काढून घेतला, म्हणून एका गालावर साबण दिसेल. त्यावरून त्यांना हवं तेवढं बोल. आजीचं मात्र आज बोलू नकोस, आत्या. ते बरे झाले की बोल, मीही तुझ्या बाजूला उभी राहीन.

तुझी भाची

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२ वाजून ५२ मिनिटांनी पाठवले.