सासूबाईच्या साखरदाणीचं मूळगाव

मालेगाव (जहांगीर),
मंगळवार, भर दुपार

साडूभाऊ श्रावणभाऊ यांले इंद्रभानचा मनापासून जयभीम.

धनजची सारी मंडळी खुशाल असन, तुमचा गुडघा आता वाकत असन, अशी आशा करतो. मी इकडं बरा हाये (हे खोटं हाये, खाली वाचा). फोन सोडून चिठ्ठी काहून, असं तुमाले वाटन. तुमचा फोन वाजला का ललिताबाईच उचलतात, अन् त्याइनं ऐकलेलं चहा उकळायच्या आत त्याइच्या बहिणीले, म्हणजे आमच्या लिलाबाईले, समजते. म्हणून ही चिठ्ठी कारंज्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो.

लिलाबाई आमच्या पोरीच्या, धम्मदीपाच्या, बाळंतपणासाठी पुण्याले गेली, हे तुमाले ठाऊकच हाये. नात झाल्याचा फोन आला अन् आनंदाच्या भरात मी लाडू करायले गुळाचा पाक चढवला. पाक झाला झकास. ठेवावा कशात? सारी भांडी धुवायची पडली होती (बायको गावाले गेल्यावर रोज भांडी घासणारा माणूस कोणी असन तर मले दाखवा). मंग शोकेसमधली हिरव्या काचेची साखरदाणी काढली अन् कढत पाक ओतला. तडकन आवाज झाला, अन् पाक ओट्यावरून माह्या पायावर!

सासूबाईनं दोघी बहिणीले एकेक दिलेली, तीच ही साखरदाणी. लिलाबाई तिच्यात कधी साखर भरत नाही. आईची आठवण आली का निस्ती पुसत बसते. येत्या रविवारी ती येऊन राह्यली, अन् माह्या जीवाले एका जागी चैन नाही. ती रागावली तर मी सोसून घेईन हो. पण ती निस्ती तुकड्यायकडे पाहात बसली, तर मी काय करू?

म्हटलं, कोण्या कारखान्याची, कोण्या काळातली, एवढं समजलं तर तशीच दुसरी कुठंतरी भेटन. मोबाईलवर जुन्या काचेच्या शौकिनांचा एक गट हाये, तिथं फोटो टाकले. एक जण म्हणे, नक्षीवर बोट फिरवा. काठ टोचले तर काच हातानं कापलेली, बोथट लागले तर साच्यात दाबलेली. नक्षी बोथटच निघाली, पण फुटक्या काठानं बोट कापलं (अक्षर असं काहून, हे आता समजलं असन). दुसरा म्हणे, नोटा पारखायच्या निळ्या दिव्याखाली धरा, काही जुनी हिरवी काच चमकते. रतनसिंगच्या कापडदुकानात गल्ल्यावर तसा दिवा हाये. पिशवीत तुकडे घेऊन गेलो. चमकली ना भाऊ! सारं दुकान गोळा झालं, अन् रतनसिंगची बायको म्हणे, "ही लिलाबाईची न हो?" तिले शपथ घालून घरी आलो.

मंग बुडावरचा शिक्का दिसला. तीन पांढऱ्या रेघा, कोंबडीच्या पायासारख्या. फोटो टाकला अन् गटात जुंपली. कोणी म्हणे जपान, कोणी म्हणे बेल्जियम. एका विद्वानानं तर मालकाचं घराणं सांगून साल बी ठरवलं, एकोणीसशे बारा! माही छाती फुगली. मंग पाणी प्यायले तांब्या उचलला, तं त्याच्या बुडावर तोच शिक्का. परातीवर तोच, खलबत्त्यावर बी तोच, सारी सासूबाईनं दिलेली भांडी. सासूबाई लग्नाकार्यात भांडी उसनी देत, अन् ती वापस यावी म्हणून साऱ्यायच्या बुडाले ऑइलपेंटच्या तीन रेघा ओढत. हे मी गटात लिहिलं, पण बेल्जियमवाला अजून ऐकत नाही. एकूण काय, बनवणारा कोण हे समजलंच नाही.

तुमचा उंबऱ्यातून आत-बाहेर करत असलेला साडू,
इंद्रभान

ता. क. : खरं काम हे हाये. तुमच्या घरची साखरदाणी जुन्या लुगड्यात गुंडाळून, ललिताबाईच्या नकळत, याच कंडक्टरजवळ द्या. शोकेसमधी एक दिसली म्हणजे माहं निभलं. ललिताबाईचं तुमी पाहून घ्या.

ता. क. दुसरा : चिठ्ठी घडी करत होतो तं लिलाबाईचाच फोन आला. रडत होती. नातीच्या पाळण्याजवळ दोन्ही साखरदाण्या ठेवाव्या म्हणून तिनं ललिताबाईले त्याइची मांगितली, तवा समजलं का तुमची तं गेल्या दिवाळीतच तुमच्या हातून फुटली, अन् ललिताबाईनं तेवढं एकच बहिणीपासून लपवलं होतं. "आता आईची एकच राह्यली हो, नीट सांभाळून ठेवजा," म्हणे, अन् फोन ठेवला. तवा भाऊ, साखरदाणी राहू द्या. तुमी फोडली तवा ललिताबाईले कोण्या शब्दात सांगितलं, तेवढं रविवारच्या आत लिहून पाठवा.