वंदनाताईंचं हिरवं बटण

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सिंदी मेघे.

जळते मी. इथं तरी खरं लिहावं.

आज नालवाडीच्या भाजी केंद्रावर वजन नोंदवायचा माझा नवा प्रोग्राम लॅपटॉपवर घेऊन गेलते. कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते, दिवाळीची सगळी सुट्टी यात घातली. तिथं सध्या चालतो तो माझ्या मोठ्या जावेनं, वंदनाताईंनी, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा व्हिज्युअल बेसिक भाषेत केलेला. करड्या खिडकीत एक मोठं हिरवं बटण, 'वजन घ्या'. बस.

केंद्र सांभाळणारे गजाननभाऊ माझं सगळं बघून म्हणाले, "मस्त आहे मॅडम. पण जुनं काऊन बदलवायचं? नवीन बाई आली का लगेच शिकते त्याच्यावर." तेवढ्यात वांग्याचं क्रेट आलं आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. माझ्यासमोर!

ती भाषा मी वर्गात 'जुनी, सोपी' म्हणून एका वाक्यात उडवते. सोपी होती म्हणूनच ताईंना जमलं? म्हणूनच टिकलं? मग मी एवढं अवघड शिकून काय केलं?

घरी आले तर ताई मेथी निवडत होत्या. सांगितलं तर हसल्या. "अवो माय, ते अजून चालून राह्यलं? मी तं विसरूनच गेलती."

विसरल्या! माझं असं एक हिरवं बटण कुठं चालत असतं तर मी रोज बघायला गेले असते.

मग हात पुसून जवळ आल्या. "दाखव ना तुयं. मले पाहू दे."

बॅटरी संपली, म्हटलं.

पूर्ण भरलेली होती.