खुर्चीवाल्याच्या बहिणीची चौकशी

८ जून २००९, सोम.
बँकेतून हात हलवत परत. लेकीच्या, रुपाच्या नर्सिंगचं लोन नामंजूर. मॅनेजर कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाला, "मैडम, आपके नाम पर फ्रिज का लोन सेटल दिखा रहा है. मतलब पूरा नहीं चुकाया." मी म्हटलं, तीन वर्षं झाली, ते प्रकरण कधीच मिटलं. तर म्हणे लोनवाल्या कंपनीने तेव्हा जी सूट दिली, तीच आता रिपोर्टवर डाग होऊन बसली आहे. कंपनीकडून 'पूर्ण फेड' असं लिहून आणा, कॉम्प्युटरवर तसं दिसू द्या, मग बघू. नागपूरच्या कॉलेजची फी जुलैअखेर भरायची.
रुपाने कॉलेजचा फॉर्म कपाटात ठेवला. गुपचूप चहा ठेवला. तेच जास्त लागलं.

९ जून
डोळ्यांसमोरून जात नाही. ती संक्रांत. अंगणात हळदीकुंकवाला बायका जमलेल्या, मी वाण म्हणून गाळण्या वाटत होते. वसुलीवाला फाटकातून आत आला, माझीच खुर्ची ओढून मधोमध बसला. "काकू, फ्रिज खाली करून ठेवा, उचलून न्यायचा हाय." फ्रिज पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला, फ्रिजवाली कंपनी दुरुस्त करेना, म्हणून ह्यांनी हप्ते थांबवले होते. हे त्या बायकांना कोण सांगणार? एकेक करून निघून गेल्या. कुणी वाण घेतलं, कुणी तसंच ठेवलं. हा बसून. तेव्हापासून त्याचं नाव खुर्चीवाला.
पुढे त्यानेच गोड बोलून सांगितलं, थोडं कमी भरा, सेटल करू, विषय संपला. मी घासाघीस करून आणखी कमी करून घेतले. आणि वर खूश झाले होते! भाजीबाजार समजले मी.

१२ जून, शुक्र.
गेले त्याच्या ऑफिसात. बसस्टँडसमोर, वरचा मजला. म्हटलं, उरलेले सगळे भरते, पूर्ण फेड लिहून दे. जांभई दिली मेल्याने. "साहेब जबलपूरले गेले. पुढच्या हप्त्यात या." बसा असंही म्हणाला नाही.

१९ जून
पुन्हा गेले. साहेब आता भोपाळला. "जुनी फाइल हाय काकू, काहून उकरून राह्यल्या तुमी?" जिना उतरताना मनात शिव्या आल्या. चांगल्या घरच्या बाईला येऊ नयेत अशा. मला येतात.

२३ जून, मंगळ.
देव आहे!
तिरोडीहून ह्यांच्या मामांचा फोन. त्यांचा धाकटा खाणीत लागलाय, त्याच्यासाठी बालाघाटची मुलगी सांगून आली आहे. "सूनबाई, तू तिथंच राह्यतेस. घर कसं हाय, चौकशी करून सांग. तू हौ म्हणशील तर पुढं जाऊ." मुलीचं नाव वर्षा. मग भावाचं नाव सांगितलं, तो काय करतो तेही. खुर्चीवाला!
फोन ठेवून एकटीच हसले. हे विचारत राहिले काय झालं. सांगितलं नाही. संध्याकाळी शिरा केला.

२५ जून, गुरु.
मामांना कळवलं, घाई नको, मी नीट बघते. एक अक्षर खोटं बोलले नाही.
चौकशी माझ्याकडे आहे हे खुर्चीवाल्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. संध्याकाळी पेढे घेऊन हजर. चपला फाटकाबाहेर काढल्या. "काकू, आता सगळं तुमच्या एका शब्दावर हाय."
मी म्हटलं, "साहेब दौऱ्यावर गेलेत. पुढच्या हप्त्यात ये."
हे आतून बघत होते. त्यांना कळेना कोण साहेब. पेढे परत केले. रुपाला आवडतात, तरी केले.

२८ जून, रवि.
मामा म्हणाले होते, बघून तर घेऊ, म्हणून आज मुलगी बघायला येणार होते. मी त्यांच्या आधी पोचले. खुर्चीवाल्याच्या अंगणातली खुर्ची ओढली आणि मधोमध बसले. पिशवीतून शेंगा काढून सोलायला लागले. त्याची आई चहा घेऊन आली. नको म्हटलं. टरफलं तिथेच टाकली.
मामा आले, मला बघून खूश. म्हणे सूनबाई आधीच हजर. खुर्चीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बैठक होईपर्यंत मी काय बोलते याच धाकात होता. मी काहीच बोलले नाही. निघताना फक्त हळूच विचारलं, "फाइल सापडली का रे?"
फार बरं वाटलं. लपवून काय करू, फार बरं वाटलं.

३० जून, मंगळ.
सापडली. साहेबही सापडले. उरलेले पैसे ह्यांनी भरले. पावती मिळाली, 'पूर्ण फेड'चं पत्र, त्यावर शिक्का. आज बसायला खुर्ची दिली.
तसंच बँकेत गेले. मॅनेजर म्हणे पत्र ठीक आहे, पण कॉम्प्युटरवर बदल दिसेपर्यंत माझे हात बांधलेले. महिना तरी लागेल. मग या पत्राचं काय लोणचं घालू?
संध्याकाळी मामा फोनवर, सांग आता. म्हटलं, थांबा थोडं. मनात म्हटलं, माझा रिपोर्ट अडकलाय, तोवर त्याचाही अडकू दे. ह्यांना कळलं तेव्हा कधी नव्हे ते चिडले. म्हणाले, त्या पोरीचा काय दोष? मी म्हटलं, आपल्या पोरीचा काय होता?


१० जुलै, शुक्र.
वर्षा आली. एकटीच. मला वाटलं रडेल, मी तयारीत होते. रडली नाही. बस म्हटलं तरी उभीच.
"काकू, दादानं तुमच्यासंग वाईट केलं, मले मालूम हाय. त्याचं त्याच्यापासून घ्या. माह्यावर तुमचं काय बाकी हाय?"
 कुकर बघायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर येते तर रुपाने तिला पाणी दिलेलं, दोघी ओट्यावर बसून हिंदीत गप्पा मारताहेत. एकाच वयाच्या असाव्यात. मला तिचा रागच आला. इतकं चांगलं असायची काय गरज होती?

१४ जुलै, मंगळ.
बँकेत अजून तेच. 'सेटल'.
खुर्चीवाला रोज कंपनीला फोन लावतो, कॉम्प्युटरवरची नोंद बदला म्हणून. माझ्यासमोर लावतो, म्हणजे मला दिसावं. हात जोडून बोलतो त्यांच्याशी. मी एकदा मामांना हौ म्हटलं की हे फोन बंद होतील, हे मला पक्कं माहीत आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही बंद केले असते.
आणि मामा थांबायला तयार नाहीत. कटंगीचं दुसरं स्थळ आलंय. उद्या सकाळी शेवटचं सांग म्हणाले, हो की नाही.
रुपा विचारत होती, "मम्मी, कल क्या बोलोगी?" म्हटलं, भाजी चिर.
वर्षावर माझं काही बाकी नाही. एक पैसाही नाही. पण फी जुलैअखेर आहे, आणि...
हे म्हणाले, उद्या फोन मी घेतो, तू राहू दे. नाही म्हटलं. फोन मीच उचलणार. एवढंच ठरलंय.